सॉफ्टवेअर उक्तं द्यायचं की रोजाने? फ्रीलान्स प्रोग्रॅमरला काम देण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

नाशिकच्या पंचवटीतल्या लॉजमालकाला २०२७च्या सिंहस्थाआधी खोल्यांचं बुकिंग एका जागी आणायचंय. पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसला कोणत्या प्लॉटची द्राक्षं कोणत्या पॅलेटमध्ये गेली हे फोनवर बघायचंय. अंबडच्या सीएनसी वर्कशॉपला मोठ्या कंपनीकडून आलेल्या मालाचा हिशोब एक्सेलमधून बाहेर काढायचाय. तिघंही चार ठिकाणी विचारतात आणि तिघांच्याही हातात दोन कोटेशनं पडतात. एक चाळीस हजारांचं, दुसरं तीन लाखांचं. काम सांगितलं ते एकच. मग लुटतंय कोण?

बहुतेक वेळा कोणीच नाही. दहा मिनिटांच्या बोलण्यातून एकाने एक काम ऐकलं, दुसऱ्याने दुसरंच. पुढे भांडणं होतात ती कोड चुकला म्हणून क्वचितच. काय करायचं ते लिहिलेलं नव्हतं, किंवा सगळी खाती प्रोग्रॅमरच्या नावावर होती, या दोन कारणांनी होतात. दोन्ही गोष्टी पहिला हप्ता देण्याआधी तुमच्या हातात असतात.

आधी चार शब्द

फ्रीलान्सर म्हणजे कुठल्या कंपनीच्या नोकरीत नसलेला, कामागणिक पैसे घेणारा प्रोग्रॅमर. कस्टम सॉफ्टवेअर म्हणजे फक्त तुमच्या धंद्यासाठी लिहिलेलं. सोर्स कोड म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मजकूर. सॉफ्टवेअर त्यातून तयार होतं, आणि तो नसेल तर पुढे एक बटणही हलवता येत नाही. सर्व्हर म्हणजे ज्या भाड्याच्या संगणकावर ते सॉफ्टवेअर आणि तुमचा डेटा राहतो तो. एवढ्यावर पुढचं सगळं समजतं.

मुळात बनवून घ्यायची गरज आहे का?

बऱ्याचदा नसते, आणि चांगला प्रोग्रॅमर हे स्वतःच सांगतो. हिशोब, जीएसटी, पगारपत्रक ही कामं कधीही नव्याने लिहून घेऊ नका. कायदा बदलला की तयार पॅकेजवाले बदल करून देतात, तुमच्या एकट्यासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तो बदल तुमच्या खर्चाने होतो. आणि बदल होतच राहतात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारा, बंद न करता येणारा लॉग सक्तीचा झाला. त्याच वर्षी ऑगस्टपासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस लागू झालं. हे सगळं एकट्या फ्रीलान्सरने तुमच्यासाठी सांभाळावं ही अपेक्षा महागात पडते.

तुमच्या धंद्याचा जो भाग कुठल्याच तयार पॅकेजमध्ये बसत नाही तेवढाच लिहून घ्यावा. अंबडच्या वर्कशॉपचं उदाहरण शेवटपर्यंत धरू. मोठी कंपनी ५०० फोर्जिंग डिलिव्हरी चलनावर पाठवते. मशिनिंग होऊन ४८० परत जातात. १२ नग मशिनवर बिघडले, ते एमआर. ८ नगांत मूळ मालातच दोष निघाला, ते सीआर. एमआरचे पैसे वर्कशॉपच्या बिलातून कापले जातात, सीआरचे नाही. शिवाय जॉबवर्कला आलेला माल वर्षाच्या आत परत गेला पाहिजे असं जीएसटी कायदा सांगतो, म्हणजे कोणत्या चलनाचा किती माल किती दिवस पडून आहे हेही दिसायला हवं. हा ताळा टॅलीत ओढूनताणून बसवण्यापेक्षा वेगळा लिहून घेणं रास्त आहे. बिल मात्र टॅलीतच राहू द्या.

टॅलीला जोडणी करता येते. टॅलीप्राइम स्वतःच्या संगणकावर पोर्ट ९००० वर बाहेरून एक्सएमएल स्वरूपात नोंदी घेऊ शकतं. पण त्यासाठी तो संगणक चालू, टॅली उघडी आणि योग्य कंपनी लोड झालेली असावी लागते. रात्री ऑफिस बंद करून गेल्यावर नोंदी का गेल्या नाहीत, याचं उत्तर निम्म्या वेळा इथेच सापडतं.

"तयार पॅकेजचं महिन्याचं भाडं भरण्यापेक्षा एकदाच पैसे देऊन मोकळं झालेलं बरं ना?"

एकदाच असं काही नसतं. सर्व्हरचं भाडं, डोमेनचं, म्हणजे वेब पत्त्याचं, नूतनीकरण, सुरक्षेचे अपडेट, फोनची नवी आवृत्ती आली की मोडणाऱ्या गोष्टी, आणि मुख्य म्हणजे सहा महिन्यांनी तुम्हालाच सुचणारे बदल. बांधणीच्या खर्चाच्या १५ ते २० टक्के दरवर्षी देखभालीला धरावेत, असा या धंद्यात साधारण अंदाज असतो. तीन लाखांचं सॉफ्टवेअर असेल तर वर्षाला ४५ ते ६० हजार. ही रक्कम आकडेमोडीत घेऊनही कस्टम परवडत असेल तर जरूर करा.

चाळीस हजार आणि तीन लाख, फरक कुठून येतो?

कोटेशनला दिवसांत बदलून बघा. प्रोग्रॅमरचा दिवसाचा दर अडीच हजार धरला तर चाळीस हजारांत त्याचे १६ दिवस मिळतात आणि तीन लाखांत १२०. सोळा दिवसांत लॉगिन, तीन-चार स्क्रीन, एक साधा रिपोर्ट आणि थोडी दुरुस्ती एवढं होतं. वर्कशॉपच्या ताळ्याचा वरवरचा भाग त्यात नक्की बसेल. पण मग प्रश्न सुरू होतात. एकाच चलनावर दोन प्रकारचे पार्ट आले तर? कंपनीने सीआर मान्य केला नाही, एमआर धरून पैसे कापले तर? सुपरवायझरने चुकीचा आकडा टाकून तीन दिवसांनी दुरुस्त केला, मधल्या काळात डिस्पॅच झाला, तर शिल्लक कोणत्या तारखेची धरायची? चाळीस हजारवाल्याच्या हिशोबात हे प्रश्न नाहीत. तीन लाखवाल्याने ते आधीच ओळखले, किंवा काय निघेल सांगता येत नाही म्हणून गाठीला जास्तीचे धरले.

द्राक्षबागेची छाटणी एकरी दराने उक्ती देता येते, कारण एकरात किती झाडं आणि एका झाडाला किती वेळ हे देणाऱ्यालाही माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. सॉफ्टवेअरमध्ये बाग किती एकरांची आहे हेच काम सुरू झाल्यावर कळतं. म्हणून सगळं काम उक्तं दिलं की दोनपैकी एक होतं. प्रोग्रॅमर तोट्यात जाऊन शेवटचा भाग उरकतो किंवा पळतो, नाहीतर धोक्याची रक्कम आधीच तुमच्याकडून घेतो. उलट सगळं रोजाने दिलं तर संपण्याची घाई कोणालाच राहत नाही.

मधला रस्ता असा. पहिला टप्पा छोटा आणि रोजाने : आठ-दहा दिवस फक्त समजून घेणं, स्क्रीनचे कच्चे आराखडे काढणं आणि लिखित यादी करणं. त्याचे पैसे पूर्ण द्या, पुढचं काम त्यालाच देणार नसलात तरी. तो आराखडा तुमचा. मग त्या यादीवर पुढचे टप्पे उक्ते द्या. हे पहिले वीस-पंचवीस हजार वाया गेले असं अनेकांना वाटतं. माझ्या मते पूर्ण प्रकल्पात याहून चांगला खर्च होत नाही.

लिहून काय द्यायचं?

तांत्रिक भाषा अजिबात नको. "युजर फ्रेंडली", "फास्ट", "सगळे रिपोर्ट" हे शब्दही नकोत, कारण त्यांची तपासणी करता येत नाही. द्यायचे ते कागद. मागच्या महिन्यातली दहा खरी चलनं द्या, आणि त्यातली चार तरी खाडाखोड केलेली, समासात पेनाने काही लिहिलेली, दोन चलनांचा माल एकत्र आलेली निवडा. तुमच्या धंद्याचे खरे नियम त्या समासात असतात. नीटनेटकी दहा दिलीत तर सॉफ्टवेअरही फक्त नीटनेटक्या दिवशी चालेल.

कोण काय करतं ते लिहा. गेटवरचा माणूस आवक टाकतो, सुपरवायझर शिफ्टअखेर उत्पादन आणि रिजेक्शन टाकतो, मालक फक्त बघतो, अकाउंटंट महिनाअखेरीला ताळा काढतो. कोणी कोणाची नोंद बदलू शकतो आणि बदलली तर जुना आकडा दिसला पाहिजे का, हे इथेच ठरवा. आकडे द्या : रोज किती चलनं, एका वेळी किती माणसं वापरणार, किती वर्षांचा जुना डेटा आणायचा. शॉपफ्लोअरवर नेट जातं का, हेही. नेट नसताना नोंद घेता आली पाहिजे ही एकच ओळ खर्च दीडपट करू शकते. म्हणून खरंच लागत असेल तरच मागा, पण लागत असेल तर शेवटच्या आठवड्यात आठवू नका.

मग तपासणीची उदाहरणं लिहा, आकड्यांसकट. "५०० आले, ४८० गेले, १२ एमआर, ८ सीआर. चलनाची शिल्लक शून्य दिसली पाहिजे आणि १२ नगांची वजावट महिन्याच्या ताळ्यात आली पाहिजे." अशी वीस-पंचवीस उदाहरणं म्हणजे तुमचा खरा करार. काम झालं की नाही यावर वाद उरत नाही, आकडा येतो किंवा येत नाही.

आणि एका पानावर काय करायचं नाही ते लिहा. मोबाइल ॲप नाही, बारकोड नाही, पगार नाही. ॲपबद्दल थोडं थांबावंच लागेल, कारण ते सगळ्यांनाच हवं असतं. फोनच्या ब्राउझरमध्ये नीट उघडणारं पान बहुतेक कारखान्यांना पुरतं. ॲप म्हटलं की प्ले स्टोअरचं खातं, त्यांची तपासणी, दर अपडेटचा खटाटोप हे मागून येतं.

माणूस कसा निवडायचा?

अपवर्क, फायवर, फ्रीलान्सर डॉट कॉम अशा साइटवर माणसं मिळतात, ओळखीतून मिळतात, नाशिक-पुण्यात छोट्या दोन-तीन जणांच्या टीम मिळतात. साइटवर एक सोय असते : ठरलेल्या रकमेच्या कामात तुमचे पैसे आधी साइटकडे अडकतात आणि काम मान्य केल्यावर सुटतात. पण अपवर्कवर काम सादर झाल्यापासून १४ दिवस तुम्ही गप्प बसलात तर पैसे आपोआप सुटतात. कामाच्या घाईत हे विसरलं जातं.

त्याने केलेल्या वेबसाइटच्या चित्रांवर जाऊ नका. दोन वर्षं चालू असलेलं एखादं सॉफ्टवेअर दाखवायला सांगा आणि ते वापरणाऱ्याशी फोनवर बोला. एकच प्रश्न पुरतो : "बंद पडलं तेव्हा काय झालं?" कधीच बंद पडलं नाही असं उत्तर आलं तर ते फारसं वापरातच नसावं.

त्याहून चांगली खूण म्हणजे तो तुम्हाला काय विचारतो. पहिल्या भेटीत "रंग कोणता हवा, लोगो आहे का" असं विचारणारा आणि "एमआर आणि सीआर कोण ठरवतं, वाद झाला तर?" असं विचारणारा, यात दुसरा घ्यावा, महाग असला तरी. "होऊन जाईल" हे उत्तर प्रत्येक प्रश्नाला मिळत असेल तर सावध व्हा. भाच्याचा मित्र इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि फुकटात करून देतो म्हणतो, त्याला वेबसाइट द्या. मालाचा ताळा देऊ नका. परीक्षा आली की तो जाणार, आणि त्यात त्याची काहीच चूक नसेल.

पैसे कसे द्यायचे?

तीन लाखांचं काम पाच भागांत : ६० हजार आगाऊ, आवक-जावक चालू झाल्यावर ७५, रिजेक्शन आणि ताळा जुळल्यावर ७५, जुना डेटा येऊन सगळे वापरायला लागल्यावर ६०, आणि शेवटचे ३० हजार महिनाभर नीट चालल्यावर. प्रत्येक हप्ता तुमच्या माणसाने खरोखर वापरलेल्या गोष्टीला जोडा. "८० टक्के काम झालं" या वाक्यावर पैसे देऊ नका. सॉफ्टवेअरमध्ये उरलेल्या वीस टक्क्यांनाच बहुधा सर्वात जास्त वेळ लागतो. मात्र मान्य झालेला हप्ता आठवडाभरात द्या. फ्रीलान्सरला पगार नसतो. पैसे अडकले की तो दुसरं काम धरतो आणि तुमचं मागे पडतं.

करांचं बोलणं कोटेशनच्या आधी करा. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्याने बिलात जीएसटी लावता येत नाही. नोंदणी असेल तर १८ टक्के. तुमची नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो खरा खर्च धरायचा नाही. परदेशातल्या प्रोग्रॅमरला काम दिलं तर नोंदणीकृत व्यावसायिकाला रिव्हर्स चार्जने कर स्वतः भरावा लागतो. टीडीएस हा वेगळा विषय. कंपनी किंवा भागीदारी फर्म असाल, किंवा एकमालकी असून मागच्या वर्षीची धंद्याची उलाढाल एक कोटीच्या वर असेल, तर ठरावीक मर्यादेच्या वर पैसे देताना तो कापावा लागतो. व्यावसायिक फी म्हणून १० टक्के की तांत्रिक सेवा म्हणून २, हे सीएला विचारून करारातच लिहा. नाहीतर पहिल्या हप्त्यालाच "माझे सहा हजार कुठे गेले?" हा फोन येतो.

"पैसे आम्ही दिले, मग सॉफ्टवेअर आमचंच ना?"

नाही, आणि हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिला तर हक्क मालकाचा, वेगळा करार नसेल तर. पण फ्रीलान्सर तुमचा नोकर नाही. त्याने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक तोच असतो, तुम्ही पूर्ण पैसे दिले तरी. हक्क तुमच्याकडे यायचा तर त्याच्या सहीचं लेखी हस्तांतरण लागतं, तोंडी किंवा बिलावरून तो येत नाही. त्या लेखात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून वाक्य स्पष्ट हवं : अमुक सॉफ्टवेअरचा सोर्स कोड आणि त्यातले सगळे हक्क, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी, अमुक रकमेच्या मोबदल्यात, शेवटचा हप्ता मिळताच हस्तांतरित. हे एका वकिलाच्या नजरेखालून घाला.

प्रोग्रॅमर इथे रास्त हरकत घेतो. त्याने आधीच लिहून ठेवलेले तुकडे तो प्रत्येक कामात वापरतो, शिवाय मोफत उपलब्ध असलेली ओपन सोर्स साधनं असतात. ती तुमच्या मालकीची होऊ शकत नाहीत. त्यांची यादी मागा आणि ती कायम वापरण्याची, बदलण्याची परवानगी लिहून घ्या. एवढं पुरतं.

किल्ल्या कोणाच्या नावावर?

कागदावरची मालकी कोर्टात उपयोगी पडते. सोमवारी सकाळी गेटवर ट्रक उभा असताना उपयोगी पडतो पासवर्ड. काम सुरू व्हायच्या आधी फर्मच्या नावाने एक ईमेल उघडा. प्रोग्रॅमरचा नको, मुलाचा वैयक्तिकही नको. त्यावरून डोमेन घ्या आणि नोंदणीत मालक म्हणून फर्मचं नाव आहे हे तपासा. सर्व्हरचं खातं त्याच ईमेलवर, तुमच्या कार्डावर. कोड ठेवायचं गिटहबसारखं खातं त्यावरच. गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची तारीखवार वही. एसएमएस पाठवायचे असतील तर डीएलटी (धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांसाठीची) नोंदणी फर्मच्या नावाने लागते, संदेशाचे नमुनेसुद्धा आधी मंजूर करून घ्यावे लागतात. त्याला दिवस लागतात, शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. ॲप केलंच तर प्ले स्टोअरचं खातं फर्मचं, त्याची फी एकदाच २५ डॉलर.

प्रोग्रॅमरला प्रत्येक ठिकाणी आमंत्रण द्या, म्हणजे तो त्याच्या खात्याने आत येतो आणि काम संपल्यावर काढता येतो. तुमचा मुख्य पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

आता एक फसवी गोष्ट. कोड तुमच्या खात्यात आहे म्हणजे तो चालणारा कोड आहे, असं नाही. कधी जुनी आवृत्ती असते, कधी सेटिंगची फाइल नसते, कधी डेटाबेसची रचना फक्त त्याच्या लॅपटॉपवर असते. तिसऱ्या हप्त्याआधी दुसऱ्या कोणाला अर्धा दिवस पैसे देऊन एकच काम सांगा : या खात्यातल्या कोडवरून, सोबतच्या सूचना वाचून, कोऱ्या संगणकावर हे चालू करून दाखव. झालं तर प्रोग्रॅमर उद्या आजारी पडला, परदेशी गेला, भांडला, तरी तुमचं अडत नाही. नाही झालं तर काय कमी आहे ते त्याच दिवशी कळतं, आणि अजून तीन हप्ते तुमच्या खिशात असतात.

डेटा

बॅकअप रोज, सर्व्हरपासून वेगळ्या ठिकाणी, तुमच्या खात्यात. "बॅकअप होतोय" याला अर्थ नाही. शेवटच्या हप्त्याआधी एकदा त्या बॅकअपवरून सगळा डेटा दुसरीकडे परत आणून दाखवायला सांगा.

लॉजवाल्यांनी एक जास्तीची गोष्ट तपासावी. पाहुण्यांच्या ओळखपत्रांचे फोटो सॉफ्टवेअरमध्ये चढवले जातात. त्यातल्या एका फोटोची लिंक कॉपी करा आणि लॉगिन न केलेल्या दुसऱ्या फोनवर उघडा. उघडला तर तो जगात कोणालाही उघडतो. लिंकमधला शेवटचा आकडा एकने बदलून पुढच्या पाहुण्याचं आधार दिसलं तर त्या दिवशी काम थांबवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा आहे, आणि त्यात माहिती गोळा करणारा व्यवसाय जबाबदार धरला जातो. काम बाहेरच्या माणसाने केलं ही सबब चालत नाही.

मराठीत हवं असेल तर

"मराठी सपोर्ट आहे" असं सगळेच म्हणतात. स्क्रीनवर मराठी सहज दिसतं, अडचण छपाईत येते. पीडीएफ तयार करणारी कितीतरी साधनं देवनागरीची जोडणी नीट करत नाहीत. मग जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. स्वस्त थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी फॉन्टच नसतो, तिथे पावती चित्र म्हणून छापावी लागते आणि ती हळू निघते. म्हणून पहिल्याच टप्प्यात "ज्ञानेश्वर त्र्यंबक क्षीरसागर, पिंप्री" असं नाव घालून तुमच्या प्रिंटरवर छापून बघा.

शोधातही गंमत आहे. "शेतकऱ्या"मधला ऱ्य युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना तोच दिसतो, संगणकाला वेगळा. एका कीबोर्डवरून टाकलेलं गाव दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं की सापडत नाही. साठवण्याआधी सगळं एका रूपात आणण्याची सोय प्रोग्रॅमरने करायची असते, पण त्याला ती मागावी लागते. जुना डेटा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलावा लागेल. तो वेगळा टप्पा, वेगळे पैसे.

मराठीशी संबंध नसलेले दोन खड्डे इथेच सांगून टाकतो. रुपये-पैसे दशांशाच्या साध्या तरंगत्या आकड्यात (फ्लोटिंग पॉइंट, यात रक्कम नेमकी नाही, जवळपासची साठते) साठवले तर बिलांच्या बेरजेत पैशांचा फरक पडू शकतो आणि अकाउंटंट हैराण होतो, पैसे पूर्णांकात किंवा ठरीव दशांशात साठवायला सांगा. दुसरं, दोन जणांनी एकाच क्षणी "सेव्ह" दाबलं तर दोघांना एकच चलन क्रमांक मिळतो का, हे दोन फोन घेऊन स्वतः करून बघा. जीएसटी बिलाचा क्रमांक १६ अक्षरांच्या आत आणि आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो.

"आता एआय कोड लिहितं, मग प्रोग्रॅमर हवा कशाला?"

चॅटजीपीटी, क्लॉड, कोपायलट यांनी टंकण्याचं काम स्वस्त केलंय, हे खरं. साध्या स्क्रीनचे दर त्यामुळे उतरायला हवेत, आणि तसं घासाघीस करताना म्हणायला हरकत नाही. पण सीआर मान्य झाला नाही तर काय, हा प्रश्न एआयला तुम्ही विचारला नाहीत तर तेही नियम गृहीत धरून मोकळं होतं. त्याचा उत्तम उपयोग आधी करा : तुमचं वर्णन देऊन कच्च्या स्क्रीन बनवून घ्या आणि सुपरवायझरला दाखवा. त्याच्या तोंडून "पण साहेब, असं होत नाही" हे जितक्या लवकर निघेल तितकं स्वस्त पडेल. प्रोग्रॅमर एआय वापरत असेल तर वापरू द्या. फक्त तुमच्या ग्राहकांची खरी माहिती तिथे चिकटवायची नाही, एवढं करारात घाला.

मध्येच सोडून गेला तर?

नवा माणूस कोड बघून बहुतेक वेळा म्हणतो, "हे सगळं पुन्हा लिहावं लागेल." कधी ते खरं असतं, बऱ्याचदा दुसऱ्याचा कोड वाचण्याचा कंटाळा असतो. त्याला आधी एक छोटा बदल पैसे देऊन करायला सांगा, उदाहरणार्थ रिपोर्टमध्ये एक रकाना वाढवणं. दोन-तीन दिवसांत झाला तर पुन्हा लिहायची गरज नाही.

चालू कधी करायचं?

पॅकहाउसने जानेवारी ते मार्चमध्ये, हंगाम भरात असताना, चुकूनही नाही. लॉजने पर्वणीच्या आधी किमान तीन महिने. वर्कशॉपने मार्चअखेर टाळावी. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्ष माल मोजून ती सुरुवातीची शिल्लक टाकावी, एक्सेलमधली नाही, कारण एक्सेलमधली चूकच असते. त्यानंतर महिनाभर एक्सेल आणि नवं सॉफ्टवेअर दोन्ही चालवा. कामगार कुरकुर करतील, डबल काम आहेच. रोज संध्याकाळी दोन्हीकडची शिल्लक एकाच माणसाने ताडून बघावी आणि फरक पडेल त्या चलनाचा फोटो काढून प्रोग्रॅमरला त्याच रात्री पाठवावा. पहिल्या आठवड्यात दिसणाऱ्या फरकांपैकी बरेच जुन्या एक्सेलमधल्या चुकांचे निघतात. ते वेगळे लिहून ठेवा, कंपनीशी ताळा जुळवताना लागतात.